कोकणच्या पावसात टिकणारा छोटा अँटेना: ८६६ मेगाहर्ट्झच्या यंत्रासाठी आखणी, जुळवणी आणि चाचणी

एप्रिलमध्ये हापूसच्या बागेत बसवलेलं ओलावा मोजणारं यंत्र दर तासाला व्यवस्थित नोंद पाठवतं आणि मृगाचा पाऊस सुरू झाला की गप्प होतं. बॅटरी भरलेली असते, सेन्सर शाबूत असतो, प्रोग्रॅम तोच असतो. अशा वेळी बहुतेकदा दोष अँटेनाचा निघतो. तो टेबलावर, कोरड्या हवेत, खोक्याबाहेर ठेवून जुळवलेला असतो. बागेत मात्र तो ओल्या प्लास्टिकच्या आत, बॅटरीला खेटून काम करत असतो. छोट्या यंत्रात बोर्डाचं ग्राउंड (बोर्डावरचा तांब्याचा मोठा सलग थर), बॅटरी, सेन्सरच्या तारा, खोकं आणि खोक्यावरचं पाणी हे सगळं मिळून अँटेना होतो. म्हणून अँटेनाची जागा सगळ्यांत आधी ठरवायची आणि शेवटची जुळवणी बंद, ओल्या खोक्यात करायची. पुढची सगळी कृती या दोन गोष्टींभोवती आहे.

उदाहरण म्हणून एक नेमकं यंत्र धरू: देवगडच्या बागेतला किंवा विहिरीवरच्या पंपाचा लोरा नोड, म्हणजे लोरा या कमी शक्तीच्या, लांब पल्ल्याच्या रेडिओने नोंदी पाठवणारं यंत्र; बोर्ड ४० × ८० मिमी, एक १८६५० बॅटरी, प्लास्टिकचं खोकं आणि बाहेर जाणारी दोन मीटरची सेन्सरची केबल.

फ्रिक्वेन्सी

भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ ही पट्टी (२०२१ पासून ८६८ पर्यंत) कमी शक्तीच्या यंत्रांसाठी परवान्याविना खुली आहे. २००५ च्या अधिसूचनेप्रमाणे ट्रान्समीटरची शक्ती १ वॅट, प्रभावी विकिरित शक्ती ४ वॅट आणि कॅरियरची रुंदी २०० किलोहर्ट्झ ही कमाल मर्यादा. लोरावॅन (लोरा यंत्रांच्या जाळ्याचे नियम) ८६५ ते ८६७ हाच भाग वापरतं; त्याच्या भारतीय आराखड्यातली तीन मूळ चॅनेल ८६५.०६२५, ८६५.४०२५ आणि ८६५.९८५ मेगाहर्ट्झवर आहेत. म्हणजे अँटेनाला प्रत्यक्षात फक्त दोन मेगाहर्ट्झचा पट्टा हवा आहे. हे ऐकायला सोपं वाटतं, अवघड का जातं ते पुढे येईल.

खरेदी करताना लेबल नीट वाचा. ‘८६८’ लिहिलेला अँटेना चालतो, दोन मेगाहर्ट्झच्या फरकाने काही बिघडत नाही. ‘९१५’ लिहिलेला छोटा स्प्रिंग अँटेना मात्र ८६६ वर बराच ऊर्जेचा भाग परत फेकतो. शिवाय रेडिओच ९१५ वर चालवायचा मोह टाळा. तिथे मोबाइल सेवा आहे. रा-०२ हे स्वस्त मॉड्यूल ४३३ मेगाहर्ट्झचं असतं. त्यावर ८६६ चा अँटेना लावून काही साधत नाही.

२.४ गिगाहर्ट्झवर अँटेना फारच लहान होतो, पाव तरंगलांबी जेमतेम ३१ मिमी. घरात, दुकानात किंवा जेटीवरच्या मोकळ्या जागेत तो उत्तम. बागेत नाही. पालवीतून जाताना होणारी घट वाइसबर्गरच्या सूत्राने काढली, तर ५० मीटर दाट झाडीत ८६६ मेगाहर्ट्झला सुमारे १३ डेसिबल आणि २.४ गिगाहर्ट्झला सुमारे १७ डेसिबल जातात. हे आकडे कोरड्या पानांचे आहेत. ओली पानं याहून जास्त खातात. त्यात २.४ ला मोकळ्या हवेतलाच तोटा ९ डेसिबलने जास्त. तेव्हा बागेसाठी ८६६.

लहानपणाची किंमत

८६६ मेगाहर्ट्झची तरंगलांबी ३४६ मिमी, पाव भाग ८६.५ मिमी. अँटेना याहून आखूड करता येतो, पण त्याला भौतिकीची मर्यादा आहे. हॅरल्ड व्हीलर यांनी १९४७ मध्ये आणि लान जेन चू यांनी १९४८ मध्ये ती मांडली: अँटेना ज्या गोलात मावतो त्या गोलाची त्रिज्या लहान होत गेली, की क्यू (साठवलेली ऊर्जा आणि बाहेर जाणारी ऊर्जा यांचं प्रमाण) साधारण तिच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात चढतो आणि पट्टा तितकाच अरुंद होतो.

आपल्या फ्रिक्वेन्सीवर आकडे घालून पाहा. गोलाची त्रिज्या २५ मिमी असेल तर क्यू किमान १३ च्या आसपास, आणि १० डेसिबल रिटर्न लॉसचा पट्टा, म्हणजे जिथे दहा टक्क्यांहून जास्त शक्ती अँटेनाकडून परत येत नाही तेवढा पट्टा, फार तर ४५ मेगाहर्ट्झ. त्रिज्या १५ मिमीवर आणली की क्यू ५३ वर जातो आणि पट्टा ११ मेगाहर्ट्झ उरतो. ही आदर्श, बिनतोट्याच्या अँटेनाची वरची मर्यादा आहे. प्रत्यक्षातला यापेक्षा कमीच भरतो. गोलात फक्त तांब्याची पट्टी धरायची नाही. ज्या ज्या धातूतून अँटेनाचा प्रवाह वाहतो ते सगळं आत येतं, बोर्डाचं ग्राउंडही.

दोन मेगाहर्ट्झ पुरतात तर ११ का नकोत? कारण खोक्यावर पाण्याचा थर आला की अनुनादाची फ्रिक्वेन्सी, म्हणजे अँटेना जिथे जुळलेला असतो ती, काही मेगाहर्ट्झपासून दहा-वीस मेगाहर्ट्झपर्यंत खाली सरकते. पट्टा ११ चा असेल तर पहिल्याच सरीत अँटेना पट्टीबाहेर. कोकणात बसवायच्या यंत्रासाठी किमान २५ ते ३० मेगाहर्ट्झ धरा. कुणी नाण्याएवढा अँटेना १०० मेगाहर्ट्झ पट्टा देतो म्हणत असेल, तर तो पट्टा तोट्यातून आलेला आहे: ऊर्जा हवेत न जाता उष्णतेत जाते आहे.

कोणता प्रकार घ्यायचा

सरळ तार हा सगळ्यांत स्वस्त आणि बहुतेक वेळा सगळ्यांत चांगला पर्याय. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात १ मिमीच्या आसपास जाडीची इनॅमल तार मिळते. ९० मिमी कापा, टोकाचं ५ मिमी इनॅमल खरवडून सोल्डर करा आणि मोजत मोजत एकेक मिलिमीटर कापत या. एक मिलिमीटर कापलं की फ्रिक्वेन्सी साधारण १० मेगाहर्ट्झ वर जाते. मोकळ्या हवेत ८० ते ८४ मिमीच्या दरम्यान तार जुळते, खोक्यात आणखी थोडी आखूड लागते. खोक्यात ९० मिमी उभी जागा असेल तर दुसरा कुठलाच विचार करू नका.

उंची नसेल तर स्प्रिंग. १३५ मिमी तार ५ मिमीच्या ड्रिल बिटच्या दांड्यावर गुंडाळा, साधारण सात वेढे होतील. ओढून २५ मिमी लांब करा. ही फक्त सुरुवात आहे. वेढे ताणले की फ्रिक्वेन्सी वर जाते, दाबले की खाली येते, आणि तेवढ्याने भागलं नाही तर टोक कापायचं. स्प्रिंगचा तोटा असा की ती हलते. एका बाजूला कललेली स्प्रिंग फ्रिक्वेन्सी बदलते, म्हणून जुळवणीनंतर तिला प्लास्टिकच्या नळीचा किंवा फोमचा आधार द्या.

बोर्डावर कोरलेला इन्व्हर्टेड-एफ अँटेना, म्हणजे आयएफए, शंभराच्या वर नग करायचे असतील तर घ्या. प्रत्येक नग सारखा निघतो, हाताने काही जोडावं लागत नाही. २.४ गिगाहर्ट्झसाठी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एएन०४३ या टिपणातला वळणावळणाचा आयएफए १५.२ × ५.७ मिमीत बसतो. ८६८ साठी त्यांच्याच डीएन०२३ मधल्या आयएफएला बरीच जास्त जागा लागते. असा आराखडा वापरायचा तर मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत जसाच्या तसा उचला, बोर्डाची जाडीही तीच ठेवा. मापं बदलायचीच असतील तर एक सवय लावून घ्या: टोकाची पट्टी ६ ते ८ मिमी जास्त लांब ठेवा आणि दर मिलिमीटरला सिल्कस्क्रीनवर खूण करा. पहिल्या बोर्डावर चाकूने कापत जुळवा, नेमकी लांबी पुढच्या बोर्डात घाला. आयएफएमध्ये एकूण लांबीने फ्रिक्वेन्सी ठरते आणि फीड ते शॉर्ट या अंतराने रेझिस्टन्स ठरतो. अंतर कमी केलं की रेझिस्टन्स उतरतो.

चिप अँटेनाबद्दल गैरसमज फार आहेत. सिरॅमिकचा तो ठोकळा स्वतः फारसं विकिरण करत नाही. तो बोर्डाच्या ग्राउंडला विकिरण करायला लावतो. त्याच्या डेटाशीटमधली कार्यक्षमता उत्पादकाच्या चाचणी बोर्डावर मोजलेली असते आणि ८६८ साठी तो बोर्ड बहुधा बराच लांब असतो. तुमचा बोर्ड ३० × ४० मिमी असेल तर ते आकडे विसरा.

बोर्डाची मांडणी

अँटेना छोट्या कडेला, कोपऱ्यात ठेवा. ४० × ८० च्या बोर्डावर मग ८० मिमीची लांबी ग्राउंड म्हणून कामाला येते आणि ती पाव तरंगलांबीच्या जवळ आहे. तोच अँटेना लांब कडेच्या मध्यावर ठेवला तर पट्टा आणि कार्यक्षमता दोन्ही घटतात. बोर्ड याहून लहान असेल तर ग्राउंडला अँटेनाच्या विरुद्ध टोकाला ८० मिमीच्या आसपासची एक तार सोल्डर करून खोक्याच्या भिंतीलगत फिरवा. दिसायला ओबडधोबड, पण खूप उपयोगी.

अँटेनाखाली कुठल्याही थरात तांबं नको. आतल्या थरातलं ग्राउंड काढायचं राहून जाणं ही वारंवार दिसणारी चूक आहे, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. स्क्रू, बॅटरी, डिस्प्ले, यूएसबीचं सॉकेट अँटेनापासून निदान १५ ते २० मिमी दूर. ईएसपी३२ चं मॉड्यूल वापरत असाल तर त्याचा अँटेनाचा भाग बोर्डाच्या कडेबाहेर काढा. उत्पादकही भोवती १५ मिमी मोकळी जागा सांगतो.

१८६५० बॅटरी म्हणजे ६५ मिमीचा धातूचा नळकांडा. ती अँटेनाच्या विरुद्ध टोकाला, बोर्डाच्या ग्राउंडवर आडवी ठेवली तर ग्राउंडचाच भाग होते आणि नुकसान करत नाही. अँटेनाच्या बाजूला आली की फ्रिक्वेन्सी खाली ओढते. तिच्या तारा पिळून, आखूड ठेवून चिकटवा. मोकळ्या तारा दर नगात वेगळ्या पडतात आणि दर नग वेगळा जुळतो.

सेन्सरची दोन मीटरची केबल ही आपल्या यंत्रातली सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट. अँटेनाचा प्रवाह तिच्यावरून खाली जमिनीत जातो, आणि जमीन ओली झाली की सगळी जुळवणी हलते. केबल बोर्डाला जिथे लागते तिथेच प्रत्येक तारेवर, ग्राउंडच्या तारेवरसुद्धा, ८६६ मेगाहर्ट्झला काही शे ओहम इम्पीडन्स (अडथळा) देणारा फेराइट बीड, म्हणजे रेडिओचा प्रवाह अडवणारा छोटा चुंबकीय मणी, घाला. बीड निवडताना १०० मेगाहर्ट्झचा आकडा पाहून थांबू नका, आलेखात ८६६ वर काय मिळतं ते वाचा.

चिपपासून अँटेनापर्यंतची पट्टी ५० ओहमची हवी. १.६ मिमी जाडीच्या एफआर४ वर (बोर्डाचं नेहमीचं फायबरग्लासचं साहित्य) साधी मायक्रोस्ट्रिप, म्हणजे खाली ग्राउंड असलेली पट्टी, सुमारे ३ मिमी रुंद होते, ०.८ मिमीवर दीड मिमी. इतकी रुंद पट्टी छोट्या बोर्डावर अडचणीची वाटते, म्हणून दोन्ही बाजूंना ग्राउंड घेतलेला को-प्लॅनर प्रकार वापरा आणि रुंदी-फट कायकॅड या बोर्ड आखायच्या सॉफ्टवेअरच्या कॅल्क्युलेटरमधून काढा. ग्राउंडचे व्हाया (थर जोडणारी धातूची छिद्रं) दर ३ ते ५ मिमीवर. या पट्टीत तीन भागांची जागा सोडाच: ग्राउंडला एक, मालिकेत एक, पुन्हा ग्राउंडला एक. आत्ता मालिकेत ० ओहम बसवा, बाकी दोन रिकामे. या तीन जागा सोडल्या नाहीत तर पुढची जुळवणी करता येत नाही आणि नवा बोर्ड मागवावा लागतो.

नॅनोव्हीएनएने मोजणी

नॅनोव्हीएनए म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते फ्रिक्वेन्सीनुसार आलेखात दाखवणारं हातातलं मोजणी यंत्र. मूळ नॅनोव्हीएनए ९०० मेगाहर्ट्झपर्यंत जातो, एच४ दीड गिगाहर्ट्झपर्यंत. ८६६ साठी दोन्ही चालतात, एच४ घेतलेला बरा. २.४ गिगाहर्ट्झ मोजायचं असेल तर ३ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारा व्ही२ किंवा त्याच्या वरचा लागतो.

१. मालिकेतला ० ओहम काढा, म्हणजे रेडिओ चिप वेगळी होते. आरजी३१६ ची आखूड पिगटेल (मध्ये तार आणि भोवती धातूची जाळी असलेला केबलचा तुकडा) घ्या, मधली तार ३ मिमीपेक्षा जास्त उघडी ठेवू नका, ती अँटेनाकडच्या पॅडला आणि जाळी तिथल्याच ग्राउंडला सोल्डर करा. जाळीची लांब शेपटी करू नका. ती काही नॅनोहेन्रीची कॉइल होते.

२. मोजणी यंत्र ८०० ते ९०० मेगाहर्ट्झवर लावा आणि कॅलिब्रेशन पिगटेलच्या टोकाला करा, यंत्राच्या सॉकेटला नाही. यासाठी भागांशिवायचा दुसरा बोर्ड हाताशी ठेवा: त्यावर एकदा टोक उघडं, एकदा ग्राउंडला शॉर्ट, एकदा १०० ओहमचे दोन छोटे एसएमडी रेझिस्टर समांतर लावून ५० ओहम.

३. पिगटेलवर बोर्डाच्या अगदी जवळ तीन-चार फेराइट सरकवा. मग केबलवरून हात फिरवा. आलेख हलला तर केबलही विकिरण करते आहे आणि तुमचं माप खोटं आहे. आलेख स्थिर होईपर्यंत पुढे जाऊ नका. बोर्डाबाहेर पिगटेल अँटेनापासून दूर, ग्राउंडच्या मध्यावरून काढली तर हा त्रास कमी होतो.

४. आता बॅटरी, सेन्सरची केबल, खोकं, झाकण, सगळे स्क्रू लावून मोजा. यंत्र लाकडी काठीवर उभं करा, टेबलावर ठेवून नाही.

१० डेसिबल रिटर्न लॉस म्हणजे दहा टक्के शक्ती परत येते. ते पुरेसं आहे. ६ डेसिबलला पाव शक्ती परत येते आणि सव्वा डेसिबलचा तोटा होतो. आलेखातल्या २५ डेसिबलच्या खोल दरीमागे धावण्यात काही मिळकत नाही. तीच मेहनत पट्टा रुंद करण्यात घाला.

मॅचिंग

आधी लांबी कापून फ्रिक्वेन्सी जागेवर आणा, भाग लावून नाही. त्यानंतरही रेझिस्टन्स कमी राहिला तर मॅचिंग, म्हणजे सोडलेल्या तीन जागांत कॉइल-कपॅसिटर लावून अँटेना ५० ओहमला जुळवणं. समजा बंद खोक्यात ८६६ वर माप आलं: रेझिस्टन्स १८ ओहम, रिअ‍ॅक्टन्स (कॉइल-कपॅसिटरसारखा अडथळा; वजा म्हणजे कपॅसिटरसारखा) −३५ ओहम. ५० ओहमपर्यंत जायला दोन वाटा आहेत.

पहिली: मालिकेत ११ नॅनोहेन्री कॉइल आणि चिपच्या बाजूला ग्राउंडकडे ४.७ पिकोफॅरड कपॅसिटर. दुसरी: मालिकेत २ नॅनोहेन्री आणि चिपच्या बाजूला ग्राउंडकडे ६.८ नॅनोहेन्री कॉइल. गणिताने दोन्ही बरोबर आहेत, पण सारख्या नाहीत. कॉइलचा क्यू ४० धरला तर पहिल्या वाटेत मालिकेतल्या मोठ्या कॉइलचा रेझिस्टन्स दीड ओहम होतो, तोही १८ ओहमच्या अँटेनासमोर. सुमारे ८ टक्के शक्ती तिथेच जाते. दुसऱ्या वाटेत दोन्ही कॉइल धरून ५ टक्के. शिवाय ग्राउंडकडची कॉइल स्थिर विजेला वाट करून देते, वळिवाच्या आणि परतीच्या पावसाच्या दिवसांत हे महत्त्वाचं आहे. म्हणून दुसरी. फक्त चिपच्या किंवा मॉड्यूलच्या पिनवर डीसी व्होल्टेज येत नाही ना हे आधी तपासा. येत असेल तर मध्ये कपॅसिटर हवा.

कॉइल तारेच्या वेढ्यांच्या घ्या, उदाहरणार्थ मुराताची एलक्यूडब्ल्यू१५ मालिका. थरांच्या स्वस्त कॉइलचा क्यू बराच कमी असतो. कपॅसिटर सीओजी (तापमानाने किंमत न बदलणाऱ्या) प्रकारचेच. भाग बसवल्यावर पुन्हा मोजा: पॅड आणि व्हायाचे स्वतःचे अर्धा-एक नॅनोहेन्री असतात, त्यामुळे गणितातली किंमत आणि जुळणारी किंमत यात एखाद्या पायरीचा फरक पडतोच. हाताशी जवळपासच्या किमतींचे चार-पाच भाग ठेवा.

खोकं, पाणी आणि मीठ

पाऊस लहरींना अडवतो हा समज ८६६ मेगाहर्ट्झपुरता चुकीचा आहे. हवेतल्या थेंबांनी होणारी घट इथे नगण्य आहे. नुकसान करतं ते पृष्ठभागावर चिकटलेलं पाणी: खोक्यावरचा थर, पानांवरचा थर, भिजलेला जांभा. पाण्याचा डायलेक्ट्रिक स्थिरांक (तो जितका जास्त, तितकी फ्रिक्वेन्सी खाली सरकते) ८० च्या घरात, एबीएस किंवा पॉलिकार्बोनेटचा ३ च्या आसपास. अँटेनाच्या मोकळ्या टोकाला व्होल्टेज सर्वांत जास्त असतं, म्हणून तिथल्या भिंतीवर पाणी थांबलं की फ्रिक्वेन्सी सगळ्यांत जास्त सरकते. टोक भिंतीपासून निदान ५ मिमी आत, शक्य असेल तर १० मिमी. झाकण उतरतं ठेवा. आणि टोक खोक्याच्या खालच्या कडेला आणू नका, थेंब तिथेच लोंबकळत राहतात.

खारं पाणी आणखी वाईट, कारण ते वीज वाहून नेतं. समुद्राच्या पाण्यात ८६६ मेगाहर्ट्झची लहर सेंटिमीटरभरातच विरते. हर्णे किंवा मिरकरवाड्यासारख्या बंदरात, खाडीकाठच्या खारभूमीत खोक्यावर मिठाचा पातळ थर बसतो. तो हवेतली दमटी ओढून घेतो आणि पाऊस नसतानाही ओला राहतो.

म्हणून ओली चाचणी टेबलावरच करा. लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवा, म्हणजे समुद्राइतका खारेपणा येतो. फवारणीच्या बाटलीने बंद खोकं सर्व बाजूंनी ओलं करा आणि आलेख पाहा. कोरडं असताना दरी ८७२ वर आणि ओलं असताना ८६० वर आली आणि दोन्ही वेळा ८६६ वर १० डेसिबल टिकले, तर जुळवणी झाली. कोरड्यात बरोबर ८६६ वर आणून ठेवलेला अँटेना पावसात पूर्ण सरकतो. मुद्दाम थोडा वर ठेवायचा. ओल्यात १० डेसिबल टिकत नसतील तर पट्टा अपुरा आहे, आणि त्यावर उपाय एकच: मोठा अँटेना किंवा मोठं ग्राउंड.

खोकं काळं असेल तर त्यात कार्बन आहे का पाहा. कार्बन भरलेलं प्लास्टिक लहरी शोषतं. सोपी परीक्षा: झाकण अँटेनाजवळ आणताना दरी नुसती सरकली तर ठीक, ती रुंद आणि उथळ झाली तर प्लास्टिक तोटा करतं आहे. पीव्हीसीचा पाइप चांगलं खोकं होतो आणि गावोगावच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतो.

फटी बुजवताना व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका, त्यातलं आम्ल तांबं खातं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्या. बोर्डावर अ‍ॅक्रिलिक कन्फॉर्मल कोटिंग मारा, पण यूएफएल (अँटेनाच्या केबलचं बोर्डावरचं छोटं सॉकेट) आधी टेपने झाका. यूएफएल हा जोड साधारण तीसेक वेळा काढण्या-घालण्यापुरताच बनवलेला असतो, आणि खाऱ्या हवेत त्याचा हिरवट गंज लवकर धरतो. शक्य असेल तिथे अँटेना थेट सोल्डर करा. बाहेरच्या एसएमए (अँटेनाच्या आट्यांच्या) जोडावर आपोआप एकजीव होणारी रबरी टेप खालून वर गुंडाळा, म्हणजे पाणी पदराखाली शिरत नाही. कोटिंग आणि सील झाल्यावर शेवटचं माप पुन्हा घ्या.

खोकं कितीही घट्ट असलं तरी दिवसा तापून, रात्री थंड होऊन ते हवा आत ओढतं, सोबत दमटी. खालच्या बाजूला दाब समतोल करणारा, हवा झिरपू देणारा व्हेंट बसवा. केबल ग्लँड केबलच्या व्यासाचीच हवी. सैल ग्लँडमधून मुंग्या शिरतात आणि त्यांनी आणलेली ओली माती नेमकी अँटेनापाशी साठते.

विकिरण खरंच होतंय का

रिटर्न लॉस चांगला असणं आणि अँटेना चांगला असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. ५० ओहमचा रेझिस्टर उत्तम रिटर्न लॉस देतो आणि काहीच हवेत सोडत नाही. व्हीलर यांनीच सुचवलेली धातूच्या टोपणाची पद्धत घरात करता येते. सुमारे १५ सेंटिमीटर व्यासाचा घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्या. तळाला भोक पाडून आरपार जाणारा एसएमए जोड नटने आवळा. स्टीलला सोल्डर धरत नाही, म्हणून नटच. बोर्ड थर्माकोलवर डब्याच्या मध्यावर ठेवा, झाकणाच्या कडेला अ‍ॅल्युमिनियम फॉइल दाबून संपर्क पक्का करा.

बाहेर रिटर्न लॉस १५ डेसिबल, म्हणजे परतलेली शक्ती ०.०३२. डब्यात २ डेसिबल, म्हणजे ०.६३१. फरकाला बाहेर स्वीकारलेल्या ०.९६८ ने भागा: ०.६२, म्हणजे ६२ टक्के कार्यक्षमता. डब्यात विकिरणाला वाव नसतो, तरीही आलेखात खोल दरी उरली तर ती शक्ती अँटेनातच जळते आहे. बोर्ड मोठा असेल तर ही पद्धत ढोबळ ठरते, पण दोन आराखड्यांत कोणता सरस हे ती नक्की सांगते. २.४ गिगाहर्ट्झला हाच डबा स्वतः अनुनादात येतो. तिथे लहान डबा लागेल.

नंतर मैदानात ताडून पाहा. एका नोडवर नीट जुळवलेली सरळ तार, दुसऱ्यावर तुमचा अँटेना. गेटवेपासून (नोडच्या नोंदी घेणाऱ्या यंत्रापासून) २०० ते ३०० मीटरवर, सारख्या उंचीवर, एकाच दिवशी. प्रत्येक नोड ४५ अंशांनी फिरवत आठ दिशांना काही डझन पॅकेट घ्या आणि आरएसएसआयची (मिळालेल्या सिग्नलच्या ताकदीची) सरासरी काढा. एका दिशेच्या आकड्यावर विसंबू नका. फार लांब जाऊनही हे माप घेऊ नका. सिग्नल गोंगाटाखाली गेला की लोराचा आरएसएसआय गोंगाटच दाखवतो. सरळ तारेपेक्षा ३ डेसिबलच्या आत असाल तर काम चांगलं आहे. ८ ते १० डेसिबलने मागे असाल तर ग्राउंड लहान आहे किंवा बॅटरी जवळ आली आहे.

बसवताना

नोड आंब्याच्या किंवा माडाच्या खोडाला बांधू नका. खोडात पाणी असतं. चिव्याची (बारीक बांबूची) काठी रोवून, खोडापासून निदान एक फूट दूर आणि पालवीच्या खाली किंवा पूर्ण वर. पालवीच्या मधोमध सर्वांत वाईट. अँटेना उभा हवा आणि गेटवेचाही उभाच. एक उभा, एक आडवा असला की २० डेसिबलपर्यंत सहज जातात.

गेटवे सड्यावर (माथ्यावरच्या कातळपठारावर) बसवता आला तर खालच्या वाडीतले नोड सहज दिसतात, पण कड्यापासून फार आत ठेवला तर कातळाची कडच आड येते. दरीतून एक किलोमीटर अंतर काढायचं तर वाटेच्या मध्यावर सुमारे ९ मीटर त्रिज्येचा फ्रेनेल पट्टा, म्हणजे लहरींना मोकळी लागणारी सरळ रेषेभोवतालची जागा, असतो. त्यातला ६० टक्के मोकळा राहील इतकी उंची धरा. सड्यावरच्या खांबाला वीजरोधक आणि जमिनीची जोडणी हवीच, मॅचिंगमधली छोटी कॉइल वीज पडण्यापासून वाचवत नाही.

विहिरीत पातळी मोजायची असेल तर रेडिओ कठड्याच्या वर ठेवा आणि सेन्सरची केबल खाली सोडा. रेडिओ खाली ठेवून अँटेनाची केबल वर आणली तर आरजी१७४ मध्ये मीटरला सुमारे एक डेसिबल जातो. जांभ्याच्या मांगरात (बागेतल्या खोपटात) नोड ठेवायचा असेल तर खिडकीपाशी किंवा कौलांखाली; पत्र्याच्या छपराखाली ठेवला तर अँटेना छपराच्या खाली निदान हातभर असू द्या. फायबरच्या होडीत खोकं आतल्या बाजूला चालतं, पण पाण्याच्या रेषेच्या वर आणि इंजिनापासून दूर.

विक्रीसाठी यंत्र बनवत असाल तर डब्ल्यूपीसीची (दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेची) ईटीए, म्हणजे उपकरणाच्या प्रकाराची मान्यता, सरल संचार पोर्टलवरून घ्यावी लागते. वापरातल्या यंत्रांची तपासणी वर्षातून दोनदा करा, मे अखेरीस आणि नवरात्राच्या सुमारास: खोकं गोड्या पाण्याने पुसून मीठ काढा, ग्लँड आवळा, सिलिका जेल बदला आणि प्रत्येक नोडचा आरएसएसआय बसवल्या दिवशीच्या नोंदीशी ताडून पाहा. सगळे नोड एकदम ५ डेसिबलने पडले असतील तर गेटवेच्या जोडात पाणी शिरलं आहे. एकच पडला असेल तर त्याचं खोकं उघडून आधी यूएफएल, मग अँटेनाच्या टोकाजवळची भिंत पाहा.